एड्रिएन लेंकरचा 'ब्राइट फ्यूचर' कुणी ऐकलाय का? त्याचा आवाज, त्याचा मूड आणि आपली हलगी-तुणतुणी

रंकाळाकाठ | ९ एप्रिल २०२४, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी, पाडव्याच्या शुभेच्छा.

२२ मार्चला एड्रिएन लेंकरचा 'ब्राइट फ्यूचर' आला आणि तेव्हापासून माझ्या कानात दुसरं काही टिकत नाहीये. लोकसंगीताच्या वळणाची परदेशी गाणी ऐकणारे इथे चार-पाच जण तरी आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नाव नवीन असेल त्यांच्यासाठी: ही १९९१ ची, जन्म इंडियानापोलिसचा, वाढली मिनेसोटात. 'बिग थीफ' या ब्रुकलिनच्या बँडमध्ये ती गाते आणि त्यांची गाणी लिहिते. शिवाय स्वतःच्या नावाने वेगळे अल्बम काढते. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये 'साँग्ज' आणि 'इन्स्ट्रुमेंटल्स' असे दोन जोडीने आले होते. टाळेबंदीच्या सुरुवातीला पश्चिम मॅसॅच्युसेट्सच्या डोंगरात, एका खोलीच्या लाकडी घरात बसून केलेले. गिटार, गळा, आणि बाहेर चाललेला पाऊस नि पाखरं. आताचा अल्बम त्याच वाटेने जातो, पण यात ती एकटी नाही. निक हकीम, मॅट डेव्हिडसन आणि व्हायोलिन वाजवणारी योसेफिन रुनस्टीन असे मित्र सोबतीला आहेत, आणि ध्वनिमुद्रणाला तिचा जुना साथीदार फिलिप वाइनरोब. जंगलातल्या 'डबल इन्फिनिटी' नावाच्या स्टुडिओत हे सगळे जमले. सगळं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत ॲनालॉग, म्हणजे टेपवर केलेलं, कॉम्प्युटर कुठेच वापरलेला नाही.

बारा गाणी आहेत. पहिलं 'रिअल हाउस'. पियानोचे सूर एकेक करून पडतात, दोन सुरांमध्ये भरपूर मोकळी जागा, आणि ती आईशी बोलतेय. जादू खरी असावी असं लहानपणी किती वाटायचं ते सांगते. आईला रडताना पाहिलं ते घरातला कुत्रा गेला तेव्हा, हे सांगते. आता एकतीस वर्षांची झाले तरी अंगात बळ आल्यासारखं वाटत नाही, हेही सांगते. ही चाल आहे की नुसतं बोलणं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. अल्बमची सुरुवात इतक्या संथ गाण्याने करायची म्हणजे ऐकणाऱ्यावर केवढा विश्वास लागतो! बहुतेक जण असं गाणं शेवटाकडे ढकलतात.

मग येतं 'सॅडनेस ॲज अ गिफ्ट'. गिटार, वर व्हायोलिन, आणि ध्रुवपदाला बाकीचे गळे येऊन मिळतात. ते काही मापून बसवलेलं कोरस नाही. कुणी जरा आधी सुरू करतं, कुणी मागे राहतं, कुणाचा सूर किंचित बाजूला असतो. शाहिराच्या मागे उभे असलेले झीलकरी कसे ओळीचं टोक उचलून धरतात, थेट तीच रीत. गाणं एका तुटलेल्या नात्याचं आहे. ऋतू भराभर निघून जातात, हा तरी टिकेल असं वाटलं होतं, असं म्हणते. पण तक्रार कुठेच नाही. मी स्वयंपाक करताना हे लावलं होतं आणि गॅस बंद करून खाली बसले.

तिचा गळा 'गोड' म्हणतात तसला नाही. बारीक आहे, थोडा कापरा आहे, वर जाताना चिरतो आणि ती तो चिरू देते. मला या अल्बममध्ये सगळ्यात जास्त भिडलं ते हेच. ती माणसं एकमेकांना ऐकत, एकमेकांकडे बघत वाजवत आहेत हे ऐकूच येतं. कुणी खुर्चीत हललं, कुणी श्वास घेतला, ते तसंच राहिलंय. अल्बमचा सगळा मूड या सोबतीतून तयार झालाय असं मला वाटतं. शब्द इतके दुःखाचे असूनही ऐकताना एकटं वाटत नाही, त्याचं कारण हेच.

आता खरा प्रश्न. हे सगळं आपल्याकडच्या लोकगीतांमध्ये पूर्वापार आहे. मग हल्ली आपल्या भागातली लोकगीतं रेकॉर्ड होतात तेव्हा ती सोबत कुठे जाते? हलगी कीबोर्डमधून येते, तुणतुणं सॅम्पलमधून, म्हणजे आधीच मुद्रित केलेल्या तुकड्यांतून, आणि गळा सूर आपोआप दुरुस्त करणाऱ्या ऑटोट्यूनमधून. नवी गाणी लिहिणारी, गाणारी मुलं आपल्याकडे आहेत. त्यांना या अल्बममधून काही घेता येईल का? ऐकून सांगा.

---

पन्हाळ्याचा_वारा | ९ एप्रिल, रात्री ११.४०

ऐकतोय. 'फ्री ट्रेझर'पाशी थांबलोय, पुढे जाववत नाही. बाकी उद्या.

---

हलगीचा_नाद | १० एप्रिल, सकाळी ८.०५

ताई, इंग्रजी गाणी आपल्याकडं कोण ऐकत न्हाई, पण तुमी एवढं मनापासनं लिवलंय म्हणून रात्री हेडफोन लावून बसलो. शब्द निम्मे कळले न्हाईत. पण 'व्हॅम्पायर एम्पायर' लागलं आणि उठून बसलो. त्यात लय पळतीया बघा! मधी गाणारी जोरात आली की वाजवणारे बी तिच्याबरोबर वर चढत्यात, ती उतरली की उतरत्यात. कुणी मागनं घड्याळ लावून ठेवल्यालं न्हाई.

ही गोष्ट आमाला लई जवळची. आमी कोल्हापुरात पेठंतल्या तालमीत हलगी, तिच्या जोडीचं घुमकं आणि कैताळ, म्हंजे झांज, वाजवतो. खासबागेच्या मैदानात कुस्ती लागली की हलगीवाल्याची नजर पैलवानाच्या पायावर असती. जोड नुसती खडाखडीला असली की हलगी चालती ठेवायची. पट काढला, पकड बसली, की हात आपोआप पळाय लागतो. तवा लय मोजत बसलं तर मैदान थंड पडंल. गेल्या वर्षी एका गाण्यासाठी आमाला एका स्टुडिओत बोलावलं हुतं. कानात टिकटिक लावली आणि म्हणाले ह्याच्याबरोबर वाजवा. वाजवलं. पण गाणं आल्यावर ऐकलं तर ती आमची हलगी वाटंनाच. ठोके सगळे जाग्यावर, पण जीव न्हाई त्यात.

ह्या बाईच्या गाण्यात तसं झाल्यालं न्हाई. म्हणून आवडलं.

---

इचलकरंजी_माग | १० एप्रिल, दुपारी १.२२

ताई, अल्बम ऐकला, चांगला आहे. 'रुइन्ड' तर फारच चांगलं, पियानो आणि गळा, बास. तरीही मला एक गोष्ट टोचते आणि ती स्पष्ट लिहितो.

खोलीतला आवाज, चिरलेला गळा, खुर्चीची करकर, याचं एवढं कौतुक ज्याच्याकडे सगळी साधनं आहेत त्याच्याच बाबतीत होतं. लेंकरच्या मागे '४एडी'सारखी नावाजलेली कंपनी आहे. तिने कच्चं ठेवायचं ठरवलं, ती तिची निवड. आमच्याकडच्या गोंधळ्याला, शाहिराला, धनगरी ओवी म्हणणाऱ्याला ही निवड कधी मिळाली? त्यांची गाणी कुणाच्या तरी मोबाइलवर, जत्रेच्या गोंगाटात, फाटक्या आवाजात रेकॉर्ड होतात, आणि आपण त्याला 'अस्सल' म्हणतो. माझ्या ओळखीचे एक वयस्कर गोंधळी आहेत. त्यांची इच्छा एकच आहे, की आपलं संबळ एकदा तरी स्वच्छ, नीट ऐकू यावं. त्यांना मी 'खोलीचा आवाज राहू द्या' असं सांगायचं का?

म्हणून म्हणतो, कच्चेपणाला मूड समजायची घाई नको. आपल्या लोकांना आधी चांगला माइक मिळू दे.

---

टेपरील | १० एप्रिल, रात्री ९.३०

मी मूळचा गारगोटीचा, सध्या पुण्यात साउंड रेकॉर्डिंग करतो. इचलकरंजी_माग यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण त्यात दोन गोष्टी एकत्र झाल्यात. 'ब्राइट फ्यूचर'चं रेकॉर्डिंग अजिबात कच्चं नाही. व्हायोलिनचा गज तारेवर टेकतो तो क्षण ऐकू येतो, तिच्या ओठांची उघडझाप ऐकू येते. हे वाईट माइकने होत नाही. फार चांगले माइक, नीट निवडलेली खोली आणि माइक कुठे ठेवायचा याची जाण, हे सगळं लागतं. त्यांनी दुरुस्त केलं नाही ते वाजवणं. रेकॉर्डिंग मात्र पहिल्या दर्जाचं आहे.

टेपवर काम केल्याने नेमकं काय बदलतं ते सांगतो, कारण 'टेपचा उबदार आवाज' एवढंच म्हणून लोक सोडून देतात.

पहिला फरक वेळेचा. अडीच हजार फुटांचं रीळ सेकंदाला १५ इंच या वेगाने फिरवलं तर साधारण ३३ मिनिटं चालतं. ३० इंचांनी फिरवलं तर त्याच्या निम्मं. टेप महाग असते. त्यामुळे पन्नास टेक घ्यायचे आणि नंतर एकेक शब्द वेचून गाणं शिवायचं, हे जमत नाही. गाणं आधी अंगात मुरवावं लागतं आणि मग सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवावं लागतं.

दुसरा फरक लीकेजचा, आणि खरं तर हा टेपपेक्षाही मोठा आहे. सगळे एका खोलीत बसले की गळ्याच्या माइकात गिटार शिरते, पियानोच्या माइकात गळा शिरतो. मग नंतर एकटा गळा उचलून सुरात बसवायला गेलात, तर त्याला चिकटलेला पियानोही हलतो. दुरुस्तीचे दरवाजे तिथेच बंद होतात. गाणाऱ्याला हे माहीत असतं, म्हणून तो वेगळ्या तयारीने गातो. ताई ज्याला सोबत म्हणतात ती मला या लीकेजमध्ये दिसते. प्रत्येक माइकात प्रत्येक जण थोडा थोडा असतो.

तिसरं म्हणजे टेप मोठ्या आवाजाची टोकं हळुवार गोल करते. ती जोरात गायला लागते तेव्हा आवाज कानाला बोचत नाही, घट्ट होतो. आपण मोबाइलवर ऐकतो तेव्हा ते शेवटी डिजिटलच असतं, पण हा गोलवा मुद्रणात उतरलेला असल्यामुळे टिकून राहतो.

आणि हलगीचा_नाद, तुम्हाला कानात टिकटिक का लावली ते सांगतो. बाकीची वाद्यं आधीच कॉम्प्युटरवर रचून झालेली असणार. तुम्ही सगळ्यांत शेवटी आलात, म्हणून तुम्हालाच त्यांच्याशी जुळवून घ्यावं लागलं. हलगी पहिली वाजली असती आणि बाकीचे तिच्या मागे आले असते, तर गाणं वेगळं झालं असतं.

---

मिरज_जवारी | ११ एप्रिल, सकाळी ७.१५

सुंदर चर्चा. एक भर घालतो.

लेंकर गिटार नेहमीच्या पद्धतीने लावत नाही. वेगवेगळ्या रीतीने तारा जुळवते, त्यामुळे मोकळ्या तारा वाजवताना मागे सतत एक सूर घुमत राहतो. 'साँग्ज'मध्ये हे फार ठळक होतं, इथेही आहे. तानपुऱ्याच्या सावलीत वाढलेल्या आपल्या कानांना हे संगीत परकं वाटत नाही त्याचं हे एक कारण असावं. इंग्रजी न कळणारा माणूसही त्या घुमणाऱ्या सुरावर जाऊन बसतो.

आमच्याकडे परवाच मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी आली, गावात आनंद आहे. तानपुऱ्याचं सगळं मर्म जवारीत असतं. घोडीचा पृष्ठभाग घासून असा वळवायचा की तार त्याला ओझरती लागत राहील, आणि त्या लागण्यातून वरचे सूर फुटतील. नवख्याला ते भुणभुणणं वाटतं. ते काढून टाकलं तर तानपुरा मुका होतो. तुणतुण्याचंही तसंच. एकच तार, खाली चामडं, आणि आवाज टणक, चिरका. तो 'साफ' केला की काय उरतं?

म्हणून इचलकरंजी_माग यांना एवढंच सांगेन: संबळ स्वच्छ ऐकू यायलाच हवं. पण संबळाच्या आवाजातला कुठला भाग मळ आणि कुठला भाग संबळ, हे त्या गोंधळीबुवांना विचारूनच ठरवावं. मशीनपुढे बसलेल्याने ठरवू नये.

---

आठवणीतली_कॅसेट | ११ एप्रिल, दुपारी ४.५०

मी साठी ओलांडलेला माणूस आहे. लेंकर वगैरे मला ठाऊक नव्हतं. नातीने स्पीकरवर लावून दिलं आणि आम्ही दोघांनी बसून ऐकलं.

'रिअल हाउस' ऐकताना मला माझी आजी आठवली. ती राधानगरीकडची. पहाटे जात्यावर बसली की ओवी म्हणायची, आणि ती ओवी बहुतेक वेळा आईला, भावाला नाहीतर लेकीला उद्देशून असायची. समोर कुणी नाही, तरी बोलणं चाललंय. चाल पुढं सरकायची ती जात्याच्या फेऱ्यावर. दाणे टाकायला हात थांबला की ओवीही थांबायची. पीठ बारीक हवं असेल तर फेरा सावकाश, मग ओवीही लांब. या बाईचं गाणं असंच सावकाश फिरतं. तिचं दुःखही तसंच, घरातलं, नाव घेऊन सांगितलेलं.

गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभरातून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी ध्वनिमुद्रणासह ऐकायला मिळतात. नव्या मुलांनी त्या जरूर ऐकाव्यात. बाईमाणूस स्वतःचं आयुष्य स्वतः रचून स्वतः गातं, याला इंग्रजीत 'सिंगर-साँगरायटर' म्हणत असतील, तर आपल्या प्रत्येक वाड्यावस्तीवर त्या होत्या. फक्त त्यांच्या नावावर अल्बम निघाले नाहीत.

शाहिरीचं थोडं सांगतो. शाहीर पिराजीराव सरनाईकांना समोर बसून ऐकलेली माणसं आमच्या गल्लीत होती. त्यांच्या बोलण्यात पहाडी आवाजाचं वर्णन यायचंच, पण त्याहून जास्त यायची मागची झील. शाहीर ओळ टाकून श्वास घेतो तेवढ्यात 'जी जी रं जी' उचलायचं, आणि शाहिराचा दम बघून ते लांबवायचं की आखडायचं ते ठरवायचं. रंकाळाकाठ, तुम्ही 'सॅडनेस'च्या गाण्यात हे ओळखलंत, छान वाटलं.

---

रंकाळाकाठ | ११ एप्रिल, रात्री १०.३५

काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. जात्याचा फेरा आणि ओवीची लांबी यांचं नातं मला माहीत नव्हतं. आता 'रिअल हाउस'मधल्या त्या मोकळ्या जागा वेगळ्या ऐकू येतायत.

इचलकरंजी_माग, तुमच्या मुद्द्यावर दिवसभर विचार केला. ही निवड आपल्या लोकांना मिळत नाही हे अगदी खरं आहे, आणि ती मिळायला हवी. तुमच्या गोंधळीबुवांना चांगला माइक हवाय. तो त्यांना द्यायचा आणि बदल्यात त्यांची लय काढून घ्यायची, हा सौदा मात्र मला मान्य नाही. आज बहुतेक ठिकाणी तोच होतो. स्वच्छ आवाज हवा असेल तर टिकटिकीवर वाजवा, ऑटोट्यून घ्या, चार मिनिटांत गाणं संपवा. लेंकरचा अल्बम मला मोलाचा वाटतो कारण दोन्ही गोष्टी एकत्र राहू शकतात हे त्यात ऐकू येतं.

'व्हॅम्पायर एम्पायर'बद्दल हलगीचा_नाद यांनी लिहिलंय त्याला जोडून एक माहिती. हे गाणं आधी 'बिग थीफ'ने २०२३ च्या जुलैमध्ये पूर्ण बँडसह काढलं होतं. त्याच्याही आधी ते मंचावर, टीव्हीवर वाजवून झालं होतं आणि ते रूप ऐकून लोक वेडे झाले होते. मुद्रण आल्यावर कितीतरी चाहते म्हणाले की आधीचंच बरं होतं. आता या अल्बममध्ये ती तेच गाणं तिसऱ्या रूपात गातेय, ॲकॉस्टिक, सगळे मिळून, जवळजवळ ओरडत. एकाच गाण्याचं शेवटचं रूप ठरवून टाकायची तिला गरज वाटत नाही. पोवाडा म्हणा, गोंधळ म्हणा, आपल्याकडेही दर रात्री वेगळा उभा राहतो. रेकॉर्ड निघाली की ते गाणं गोठतं अशी भीती लोककलाकारांना असते. त्यावर तिने काढलेली वाट मला आवडली: पुन्हा गा, पुन्हा रेकॉर्ड करा.

आणि 'डोनट सीम' ऐका, विशेषतः या दिवसांत. पृथ्वी तापत चाललीय हे पोटात घेऊन लिहिलेलं प्रेमाचं गाणं आहे. पाणी नाहीसं व्हायच्या आधी पोहून घेऊ या, असं ती म्हणते. इतक्या हलक्या चालीत इतकी मोठी भीती ठेवलीय. एप्रिलमधली पंचगंगा बघणाऱ्या माणसाला त्यावर वेगळं भाष्य लागणार नाही.

---

गडहिंग्लज_घाटवाट | १२ एप्रिल, सकाळी १०.०२

मी अजिबात न ऐकलेला. कुठून सुरुवात करू? बारा गाणी सलग ऐकायला वेळ मिळणं कठीण आहे, आणि सध्या दिवसभर दारावरून प्रचाराच्या गाड्या चालू आहेत.

---

पन्हाळ्याचा_वारा | १२ एप्रिल, दुपारी १२.१८

गडहिंग्लजकर, रात्री उशिरा ऐका. आधी 'सॅडनेस ॲज अ गिफ्ट', मग 'फ्री ट्रेझर', मग 'व्हॅम्पायर एम्पायर'. 'रिअल हाउस' चौथं ठेवा. पहिल्यांदाच ते लावलंत तर कंटाळून सोडून द्याल, आणि ते गाणं सोडून देण्यासारखं नाही.

'फ्री ट्रेझर'बद्दल माझं मत: यात ती जवळजवळ कुजबुजते. ज्या माणसाजवळ आपल्याला काही सिद्ध करावं लागत नाही, त्याच्यासाठीचं गाणं वाटतं. गिटारची बोटं शांतपणे फिरत राहतात. अल्बममध्ये दुःख बरंच आहे असं सगळे म्हणतात, पण हे गाणं सुखाचं आहे, आणि सुखाचं गाणं इतक्या हळू आवाजात फार कमी लोक लिहितात.

---

हलगीचा_नाद | २४ एप्रिल, रात्री ११.२०

काल जोतिबाच्या यात्रेला डोंगरावर वाजवून आलो. सासनकाठ्या, गुलाल, 'चांगभलं'चा गजर, हात अजून भरून आल्यात. पण ह्या धाग्यातलं बोलणं डोक्यातनं जात न्हाई, म्हणून विचारतो.

आमच्या तालमीजवळ एक पोरगी हाय, कॉलेजला जाती, स्वतः गाणी लिवती. शेतातली, घरातली, आईबापाची. आवाज मोठा न्हाई, पण खरा हाय. तिच्या गाण्याला आमी मागं हलगी धरली एकदा, नुसतं सहज, अंगणात बसून. लई वेगळं वाटलं. तिला म्हणलं आपण हे रेकॉर्ड करू. टिकटिक न लावता, सगळी एका जागी बसून. पण हलगी म्हणजे दणका. तिचा आवाज त्यात बुडणार. टेपरील दादा, काय करावं?

---

टेपरील | २५ एप्रिल, रात्री ९.०५

वा, हे करायलाच हवं. टेप नसली तरी चालेल, पद्धत महत्त्वाची. माझ्या अनुभवातलं सांगतो.

खोली आधी बघा. तालमीचा हॉल नको, आवाज फार घुमतो. जुन्या वाड्याचं माजघर मिळालं, लाकडी तक्तपोशीचं, तर उत्तम. भिंतींना घोंगडी आणि जाड गोधड्या लावा, पण चारही भिंती झाकू नका, नाहीतर आवाज मरतो.

मुलगी खोलीच्या एका टोकाला, हलगी दुसऱ्या टोकाला. हलगीला जवळ माइक देऊच नका. तिच्या टणत्काराचा जवळून नुसता चटका बसतो, नाद ऐकू येत नाही. आठ-दहा फुटांवरून ती खरी ऐकू येते. मुलीसाठी असा माइक आणतो जो पुढून-मागून ऐकतो आणि दोन्ही कुशींना जवळजवळ बहिरा असतो. त्याची कूस हलगीकडे केली की हलगी त्यात बरीच कमी शिरते. तरी थोडी शिरेलच, शिरू द्या. हेडफोन कुणालाच नको. तुम्हाला तिचा आवाज ऐकू येत नसेल तर तुम्ही जोरात वाजवताय असं समजा. तिच्या शब्दावर हलगी खाली आणा, ओळ संपली की वर या. कुस्तीत पैलवानाकडे बघता तसं तिच्याकडे बघत वाजवा.

घुमकं घ्या, कैताळ पहिल्या गाण्याला नको. त्याचे वरचे सूर तिच्या शब्दांवर चढतील.

आणि एक, पावसाच्या आत करा. दमट हवेत हलगीचं चामडं उतरतं, दर दोन गाण्यांनी जाळावर शेकत बसावं लागेल आणि प्रत्येक टेकचा सूर वेगळा येईल. मे महिन्यात करू. मी शनिवार-रविवार येऊ शकतो, माइक माझे घेऊन येतो.

---

इचलकरंजी_माग | २६ एप्रिल, सकाळी ८.४५

हे होत असेल तर मी सोबत आहे. दोन अटी घालतो, रागावू नका. हलगी, घुमकं वाजवणाऱ्या प्रत्येकाचं नाव गाण्याच्या खाली आलं पाहिजे. 'आणि साथीदार' असं नको, पूर्ण नावं. आणि त्यांचा त्या दिवसाचा रोजगार बुडणार असेल तर तो आधी द्यायचा. त्यातला माझा वाटा मी उचलतो.

तिसरी विनंती आहे, अट नाही. त्या गोंधळीबुवांनाही बोलवू या. संबळाचं एक गाणं त्याच खोलीत, त्याच माइकवर. मिरज_जवारी म्हणाले तसं, नीट झालं की नाही ते बुवांनी ऐकून सांगायचं.

---

मिरज_जवारी | २६ एप्रिल, सकाळी ९.३०

येतो. मुलीची पट्टी कळवा, त्या पट्टीचा तानपुरा घेऊन येतो. वाजवायचा की नाही ते तिने तिथे ठरवावं.

---

रंकाळाकाठ | २६ एप्रिल, रात्री १०.५०

तिन्ही गोष्टी मान्य. ७ मेला मतदान आहे, तोपर्यंत शांतता मिळणार नाही, त्यामुळे त्यानंतरचा दुसरा शनिवार धरू या. माजघराचं मी बघते, शुक्रवार पेठेत नात्यातला एक वाडा आहे, लाकडी तक्तपोशीचा. पंखा बंद ठेवावा लागेल, म्हणून सकाळी सातला सुरुवात करू. हलगीचा_नाद, त्या मुलीला विचारून तिची दोनच गाणी ठरवा आणि तोपर्यंत अंगणात रोज एकदा तरी सगळे मिळून वाजवा. काका, तुम्ही आणि नात दोघंही या. कुणीतरी समोर बसून ऐकणारं हवं. घोंगडी कुणाकडे जास्तीची आहेत ते इथेच लिहा.